ओला हौ

माझ्या साडूने मला फसवलं, आणि माझ्याच अक्षराने वालूरच्या पलीकडच्या एका गावातल्या सत्तावीस बायकांना फसवलं. त्या बायकांची डाळमिल गेली. मिल हलवायला त्यांचीच संमती होती असं अहवालात लिहिलं आहे आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर दोन सह्या आहेत. एक त्याची, एक माझी.

एवढं लिहून मी चार वेळा वाचलं. अजून खरं वाटत नाही. मी परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, घडलेला माणूस. तुरीच्या पोत्यात वर चांगला माल आणि तळाला माती भरून आणणारे मी तोंडावरून ओळखले आहेत. मला फसवायला आलेल्या कितीतरी माणसांना मी चहा पाजून परत पाठवलं. आणि मला फसवलं कोणी, तर ज्याच्या ताटाला ताट लावून मी वीस वर्षं जेवलो त्याने.

मी सल्लागार आहे. ही पदवी मला कुणी दिली नाही. बाप मोंढ्यात हमाल होता. दहावीत गणित सोडून सगळ्यात नापास झालो आणि एका अडत्याकडे कामाला लागलो. पोत्यात लोखंडी नळी खुपसून नमुना काढायचा, दाणा दाताखाली धरायचा आणि सांगायचं, वाळलेला आहे का ओला. वाळलेली तूर कट् असा आवाज करून दुभंगते. ओली चेपते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. ओला माल गोदामात भरला की महिन्याभरात बुरशी धरतो आणि शेजारची चांगली पोतीही नासवतो. पुढे ओलावा मोजायची यंत्रं आली, तरी अडत्या माझ्या दातावर जास्त विश्वास ठेवायचा.

तिथून डाळमिलची यंत्रं विकणाऱ्याकडे गेलो. यंत्र विकता विकता लक्षात आलं की लोक यंत्रापेक्षा मलाच जास्त विचारायलेत. कुठलं घेऊ, किती मोठं घेऊ, घेऊ का नको. मी नको म्हणालो की मालक चिडायचा. एके दिवशी त्याच्याशी भांडण झालं, शिव्या झाल्या, आणि मी बाहेर पडलो.

पहिलं गिऱ्हाईक पिंगळीच्या बाजूचा एक मिलवाला. त्याची डाळ फार फुटायची. मी म्हणालो, तीन दिवस येऊन बसतो.

"बसून काय करता?"

"बघतो."

"मग सांगता कधी?"

"चौथ्या दिवशी."

"म्हंजे तीन दिवस बसायचे पैसे द्यायचे मी तुमाला?"

"बसायचेच द्या. सांगणं फुकट हाय."

तो मोठ्याने हसला. घासाघीस झाली, तो अर्ध्यावर आला, मी उठून चपला घातल्या, तेव्हा पाऊणवर आला. तीन दिवस मी त्याच्या मिलमध्ये पोत्यावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तुरीला पाणी देऊन मुरवायचं काम ज्या गड्याकडे होतं त्याची बायको दवाखान्यात होती आणि तो लवकर सुटावं म्हणून रात्रभर मुरवायचा माल संध्याकाळीच वाळवायला टाकत होता. यंत्रात काही दोष नव्हता. मालकाला मी गड्याची अडचण सांगितली आणि त्याला आठ दिवस सुट्टी द्यायला लावली. त्याच्या जागी मालकाचा भाऊ रात्री थांबला. डाळ फुटायची थांबली.

या धंद्यात जे शिकलो ते असं. लोक विचारतात, सल्लागाराला काय यावं लागतं. बसता यावं लागतं. दुसऱ्याच्या जागेत, त्याचं काम न अडवता, तोंड बंद ठेवून. मला स्वभावाने ते फार जड गेलं, कारण माझं डोकं पटकन तापतं. पण मी शिकलो. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याकडे बोलायचं नाही हे शिकलो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायला शिकलो, आणि हे म्हटल्यावर भाव उतरत नाही, चढतो, हे पाहून चकित झालो.

एक गोष्ट मात्र आपटून शिकलो. सेलू तालुक्यात एका गावात मिरची कांडपाचं यंत्र बसवायचं होतं. मी बैठक घेतली. यंत्र कुठं, कोण चालवणार, आठवड्यातून किती दिवस, सगळं विचारलं. प्रत्येक प्रश्नाला सगळे हौ म्हणाले. हौ भाऊ, हौ. यंत्र आलं. नारळ फोडायला मी, यंत्रवाला आणि एक कुत्रं. दुसरं कुणी फिरकलं नाही. मी तापलो. देवळाच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता, बैठकीत पुढेच बसलेला.

मी म्हणालो, "बाबा, तुमी तर हौ म्हणलात."

"म्हणलो की."

"मग?"

"ऐकू आलं म्हणून म्हणलो. तुमी एवढं घसा फोडून सांगायलाव, माणसानं हौ बी म्हणू नाय का?"

मला राग गिळायला संध्याकाळ लागली. पण म्हातारा खरं बोलला होता. आमच्याकडचा हौ हा पुष्कळदा पोच असतो. तुमचं बोलणं पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. पाहुण्याला तोंडावर न्हाई म्हणणं बरं दिसत नाही म्हणूनही हौ. बैठक लवकर उठावी म्हणूनही हौ. होकाराचा हौ निराळा असतो. त्याच्या आधी माणूस तीन प्रश्न विचारतो. गाडी किती वाजता? सुट्टी कुठल्या वारी? मोडलं तर कोण बघणार? एवढं विचारून जो हौ येतो तो वाळलेला. तो भरून ठेवता येतो.

त्या दिवसापासून वहीत मी नावापुढे दोन खुणा करायला लागलो. ओला हौ असेल तर ओ. सुका असेल तर सु. न्हाई म्हणणाऱ्यासाठी फुली. आणि नियम केला की ओ असलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा जायचं, आधी न कळवता, तो काम करत असेल तिथे. दुसऱ्या खेपेला ओ चा सु होतो नाहीतर फुली होते. ओ तसाच ठेवून काम पुढे न्यायचं नाही. बारा वर्षं हा नियम पाळला.

साडू माझ्या धंद्यात आला तो बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्याला इंग्रजी येतं, संगणक येतो, साहेबांशी बोलताना तो खुर्चीत नीट मागे टेकून बसतो. मला इंग्रजी पोत्यावर छापलेलं वाचता येतं, तेवढंच. मोठ्या संस्थांची कामं यायला लागली होती आणि त्यांना अहवाल इंग्रजीत लागायचा. आमचं ठरलं. मी गावात, तो कागदात. सहा वर्षं चांगलं चाललं.

ओ आणि सु मी त्याला सांगितलं होतं. कुठे सांगितलं तेही आठवतं. सेलूच्या पुढे, त्याच्याच गाडीत. तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

"साडभाऊ, पेटंट घ्या याचं," तो म्हणाला. "आमच्या बँकेत हे असतं तर निम्मी कर्जं दिलीच नसती आम्ही."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

मागच्या वर्षी एका संस्थेचं काम आलं. वालूरच्या पलीकडच्या त्या गावात बायकांच्या गटाची छोटी डाळमिल होती. संस्थेनेच काही वर्षांपूर्वी यंत्र दिलं होतं. आता संस्थेच्या मनात होतं की अशा तीन गावांच्या मिल उचलून पिंगळीच्या बाजूला एकच मोठा प्रकल्प करावा. बायका त्यात भागीदार राहतील. फक्त त्यांना हे हवं आहे का, ते आम्ही विचारून सांगायचं. सगळा प्रश्न एवढाच होता.

आम्ही गेलो. मिल बंद करून बायका शेडमध्ये पोत्यांवर बसल्या. सगळ्यांच्या पापण्यांवर डाळीची पिवळी पूड. गटाच्या अध्यक्षा पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, गावात सगळे त्यांना आक्का म्हणतात, मीही तेच म्हणालो. मी सगळं समजावून सांगितलं. साडू मागे खुर्चीवर बसून फोटो काढत होता.

मग एकेकीला विचारायला घेतलं. पहिलीच एक मावशी.

"हौ," ती म्हणाली.

"काय हौ, मावशी?"

"तुमी म्हणायलाव ते."

"मी काय म्हणालो?"

तिने शेजारणीकडे बघितलं. "गाडीचं कायतरी म्हणलात."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो आणि तिच्या नावापुढे ओ लिहिला. असे बावीस ओ झाले. दोघी सरळ न्हाई म्हणाल्या. त्यातली एक म्हणाली, "रोज तिकडं जायाचं यायाचं कुणी? दुपारी घरी येऊन म्हशीला पाणी पाजते मी. पिंगळीहून येऊ का पाजायला?" तिघींचा हौ मात्र सुका निघाला. एकीचं माहेरच पिंगळीला. तिने पाळी कधी, एसटी कधी, मुकादम बाई का बाप्या, सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाली, "मला चालतंय." मी तिच्यापुढे सु लिहिला. आक्का स्वतः म्हणाल्या, "हौ, बघू की." तोही त्या बावीसांतलाच ओ.

परत येताना मी साडूला म्हणालो, बावीस ओ आहेत, पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं.

"वेळ कुठाय साडभाऊ? अहवाल महिनाअखेर द्यायचाय."

"मग मुदत वाढवून मागा."

"मागतो."

"मागतो म्हणजे?"

"मागतो म्हणजे मागतो. तुम्ही डोकं थंड ठेवा."

मग त्याने फोनवर सांगितलं की मुदत मिळाली आहे, सध्या नुसता कच्चा अहवाल द्यायचा आहे. त्यासाठी म्हणून वहीची ती पानं त्याने माझ्याकडून मागून नेली.

सही कधी केली ते सांगताना मला अजून घाम येतो. त्याच्या मुलीची सुपारी फुटली त्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी वाढत होतो, हाताला वरण लागलेलं. तो कागद घेऊन आला. "कच्च्या अहवालाचं शेवटचं पान, एवढं करून टाका, कुरिअरवाला खाली उभाय." मी हात धोतराला पुसला आणि उभ्याउभ्या सही केली. गिऱ्हाइकांना मी बारा वर्षं सांगत आलो की उभ्याने सही करू नका. बसा, पाणी प्या, पहिल्या पानापासून वाचून घ्या. आणि मी स्वतः भिंतीला कागद लावून सही केली. माझी चूक एवढी. ती मी कबूल करतो, आणि तिच्याबद्दल मला बोल लावायला येईल त्याचं ऐकून घेईन.

दोन महिने मी साडूला विचारत होतो, दुसरी खेप कधी. तो म्हणायचा, संस्थेकडून निरोप आला की जाऊ. मग दुसऱ्या एका कामासाठी मी वालूरला गेलो आणि वाटलं, जवळच आहोत, कुणाच्या निरोपाची वाट कशाला बघायची, आक्कांना भेटून यावं. न कळवता जायची माझी पद्धतच होती.

शेडचं दार उघडं होतं. आत मिल नव्हती. सिमेंटच्या चौथऱ्यावर नुसते चार बोल्ट उभे होते, त्यांच्याभोवती तेलाचे डाग. चार-पाच बायका फरशीवर बसून सुपाने तूर पाखडत होत्या. मला पाहून कुणी उठलं नाही.

"या भाऊ," आक्का म्हणाल्या. "बसा. बसायला जागा लय झालीय आता."

"मिल कुठाय, आक्का?"

"तुमीच लिवलंय की कुठाय ते."

मला काही कळेना. मी विचारत होतो आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी नाटक करतो आहे. शेवटी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. संस्थेने अहवालाचा मराठी गोषवारा पाठवला होता. त्याला मागे जोडलेलं माझ्या वहीचं पान. माझं अक्षर, माझ्या निळ्या पेनाचं. सत्तावीस नावं, नावापुढे ओ, ओ, ओ, मधे तीन सु आणि दोन फुल्या. आणि पानाच्या तळाशी, माझ्या अक्षरात नाही, संगणकावर छापलेल्या दोन ओळी. ओ म्हणजे ओके, संमती. सु म्हणजे सुधारणेसह संमती.

मी ते पान हातात धरून उभा राहिलो. मोंढ्यात एकदा तोल गेलेलं पोतं पाठीवर आलं होतं, तेव्हा जसा क्षणभर श्वासच येईना, तसं झालं. ज्या खुणेचा अर्थ होता की यांना अजून विचारलेलंच नाही, त्या खुणेचा अर्थ झाला होता की यांनी हो म्हटलं आहे. एक अक्षरही खोडलेलं नव्हतं. खोडायची गरजच पडली नव्हती.

"माझ्या नावापुढं ओ कामून लिवला?" आक्कांनी विचारलं.

"ओ म्हणजे ओला, आक्का. ओला हौ. म्हणजे तुमचं अजून ठरलं न्हाई, मला परत यायचंय."

सुपं थांबली. मग ती मावशी, गाडीचं कायतरी म्हणणारी, हळूच म्हणाली, "म्हंजे आमी समद्या ओल्याच होतो का?"

"हौ. बावीस जणी."

"आन् मला वाटलं बाकीच्या हौ म्हणल्या. मीच एकली मागं राहिले."

शेजारची म्हणाली, "मला बी तेच वाटलं."

तेव्हा मला पुरतं कळलं काय झालं होतं ते. ट्रक आला तेव्हा संस्थेच्या माणसाने हा कागद दाखवला. प्रत्येकीला आपलं माहीत होतं की आपण काही कबूल केलेलं नाही. पण कागदावर जवळजवळ सगळ्यांच्या नावापुढे ओके. प्रत्येकीने धरलं की बाकीच्यांनी दिला होकार, आणि म्हणून ट्रकसमोर एकही उभी राहिली नाही. मिल गेल्यावर भांडल्या. तू म्हणलीस, न्हाई, तूच म्हणलीस. दोन सख्ख्या जावा त्या दिवसापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. आठ वर्षं एका पोत्याला हात लावणाऱ्या बायका माझ्या एका अक्षरावरून एकमेकींना खोटं ठरवत होत्या.

"तुमचे साडू आलते की ट्रकबरोबर," आक्का म्हणाल्या. "तिथंच हायत ना ते आता. मोठे सल्लागार."

हे मला माहीत नव्हतं. नव्या प्रकल्पावर साडूची नेमणूक झाली होती. अहवाल हो म्हणाला तर प्रकल्प होणार, आणि प्रकल्प झाला तर याची खुर्ची. ज्याला विचारायला पाठवलं होतं त्यानेच उत्तर आधी ठरवून ठेवलं होतं. आणि मी त्याच्यासाठी घसा फोडून बैठक घेत होतो.

मी आक्कांना म्हणालो, त्याने हे मुद्दाम केलं, त्याला ओ चा अर्थ माहीत होता.

"मग त्याला इचारा," त्या म्हणाल्या. "आमाला कामून सांगायलाव?"

मी थेट परभणी गाठली. साडू घरीच होता, पेपर वाचत. मेव्हणीने चहा ठेवला. मी तो कागद त्याच्या पेपरवर ठेवला.

"ओ म्हणजे काय, साडभाऊ?"

त्याने चष्मा लावला. सावकाश वाचलं. "ओके. इथे लिहिलंय की."

"कुणी लिहिलंय?"

"आता वाचणाऱ्याला कळायला खाली अर्थ द्यावा लागतो. मी समजलो ते दिलं."

"मी तुम्हाला ओला सांगितलं होतं. सेलूच्या पुढे, गाडीत."

"गाडीत आपण किती काय बोलतो. माझ्या लक्षात कसं राहावं? आणि तुम्ही एका अक्षरात लिहिणार, मग माणूस चुकणारच. नीट शब्द लिहायला काय जातं?"

मी थक्क झालो. तो इतक्या शांतपणे बोलत होता की क्षणभर मलाच वाटलं, खरंच सांगितलं नव्हतं का मी. मनात ती गाडी, तो रस्ता, त्याचं हसणं पुन्हा आणून बघायला लागलो. हा माणूस मला माझ्याच आठवणीवर संशय घ्यायला लावत होता, आणि ते जमत आलं होतं.

तेवढ्यात मेव्हणी चहा घेऊन आली. तिला भांडण माहीत नव्हतं. कानावर पडलं तेवढ्यावर हसून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या त्या ओल्या-सुक्यानं आमच्या घरात लय वैताग आणलाय. मी यांना म्हटलं, दिवाळीला माहेरी जाऊ का, तर हे हौ म्हणाले. मी बॅग भरली. तर म्हणतात, तो ओला हौ होता, भरू नको. चार वर्षं झाली हेच ऐकायलेय मी."

तिने कप ठेवले आणि तेव्हा तिला आमचे चेहरे दिसले. ती तशीच आत गेली.

साडूने चहाला हात लावला नाही. मीही लावला नाही. पंखा चालू होता आणि तो कागद कोपऱ्याने फडफडत होता. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना वाटेल मी टेबल उलटं केलं असेल. काही केलं नाही. चोरी पकडली तेव्हा चोर घाबरतो, हे मी आयुष्यभर पाहत आलो. हा घाबरला नाही. त्याने कागदाची घडी घातली, माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "हे बघा, झालं ते झालं. त्या बायकांचं नुकसान नाही, भागीदारी आहेच. तुम्हालाही प्रकल्पावर घेतो. वाटल्यास पोखर्णीला चला, नरसिंहासमोर सांगतो, मी मुद्दाम नाही केलं."

"देवाला मराठीही येतं आणि इंग्रजीही," मी म्हणालो. "ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासमोर सांगा."

आणि उठलो.

संस्थेला मी माझ्या हाताने पत्र लिहिलं, सहा पानं. ओ म्हणजे काय, सु म्हणजे काय, दुसरी खेप झालीच नाही, माझी सही मी न वाचता केली. आक्कांनी त्यावर सगळ्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. त्यासाठी त्या घरोघर गेल्या, आणि त्या दोघी जावांना एकाच वेळी एकाच ओट्यावर बसवून दोघींचा अंगठा घेतला. संस्थेचं उत्तर आलं, मराठीत आणि नम्र. अहवालावर दोन सल्लागारांच्या सह्या आहेत. एकाने म्हणणं बदललं तर तो दोघांमधला मतभेद धरला जाईल. दोघांनी लेखी दिलं की संमतीची नोंद चुकीची आहे, तरच मिलचा विषय पुन्हा उघडता येईल. यंत्र अजून जोडलेलं नाही, नव्या शेडमध्ये गुंडाळून ठेवलेलं आहे. जोडायला लागले की परत मिळणार नाही.

म्हणजे आता सगळं एका सहीवर अडलं आहे, आणि ती सही माझ्या साडूकडे आहे. तो माझा फोन उचलत नाही. त्याची बायको माझ्या बायकोला लपून फोन करते आणि रडते. माझ्याकडे दुसरी कामं येतात. बैठकीला गेलो की लोक हौ म्हणतात आणि माझं पेन वहीवर थांबतं. कुठली खूण करू ते मला आता सुचत नाही.

साडभाऊ, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे, कारण माझं लिहिलेलं वाचून त्यातल्या चुका काढायची तुमची सवय आहे. काढा. पण आधी उत्तर द्या. त्या पानाखालच्या दोन ओळी कुणी छापल्या? छापताना ओ चा अर्थ तुम्हाला माहीत होता का नव्हता? पोखर्णीला नको, माझ्या घरी नको, वकिलामार्फत नको. त्या शेडमध्ये या, फरशीवर बसा, सत्तावीस जणींच्या समोर मराठीत सांगा, आणि सांगून झालं की बसूनच सही करा. यंत्र जोडायच्या आत या.